टाळूवरचा डाग आणि न सांगितलेल्या दोन गोष्टी

पत्र :

"डॉक्टर, माझं वय ४१. ९ वर्षांपूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं. तेव्हापासून गोळ्या नियमित घेत होतो, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडतही नव्हता. गेल्या वर्षी नोकरी बदलली, फिरतीचं काम आलं आणि गोळ्या आणायची तारीख चुकली. एकदा चुकली, मग पुन्हा जायची लाज वाटायला लागली. आज १४ महिने झाले, एकही गोळी घेतलेली नाही. तब्येत ठणठणीत होती, म्हणून चाललं होतं.

७ आठवड्यांपूर्वी दात घासताना जिभेला टाळूवर काहीतरी वेगळं लागलं. आरशात पाहिलं तर उजव्या बाजूला जांभळट डाग. दुखत नाही, झोंबत नाही. तेव्हा करंगळीच्या नखाएवढा होता, आता मोठा वाटतो. दाढेपाशी हिरडीवरही एक गडद ठिपका दिसतोय. एका डॉक्टरांनी तोंड आलंय म्हणून लावायला जेल दिलं. फरक पडला नाही. दुसऱ्यांनी सूज उतरायला ५ दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. आता डेंटिस्ट म्हणतात बायोप्सी करू, पुढच्या शुक्रवारची वेळ दिली आहे. एचआयव्हीचं मी तिघांपैकी कुणालाच सांगितलेलं नाही.

इंटरनेटवर शोधलं तर कापोसी सार्कोमा असं आलं. झोप उडाली आहे. हा कॅन्सरच आहे का? बायोप्सी टाळता येईल का? बायकोला माझ्या एचआयव्हीचं लग्नाआधीपासून माहीत आहे, तिची तपासणी निगेटिव्ह आहे. पण गोळ्या बंद केल्याचं तिला माहीत नाही. ४ वर्षांची मुलगी माझ्याच पेल्यातून पाणी पिते. तिला काही होईल का?"

उत्तर :

आधी त्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचं बोलते. पाकिटात एखादी उरली असेल तर ती घेऊ नका. पुन्हा कुणी लिहून देऊ लागलं, तर "मला एचआयव्ही आहे आणि तोंडातल्या डागाची तपासणी चालू आहे" एवढं त्यांना सांगितल्याशिवाय उठू नका. ५ दिवसांच्या गोळ्यांनी फार मोठं नुकसान झालं असेल असं मला वाटत नाही, तेवढ्यावरून रात्री जागू नका. पण तुम्हाला ज्या आजाराची भीती वाटतेय तो खरंच निघाला, तर स्टिरॉइड म्हणजे त्याला खतपाणी. शरीराची जी पहारेदारी आधीच ढिली पडली आहे, ती स्टिरॉइडमुळे आणखी ढिली पडते आणि कापोसीचे डाग फोफावू शकतात. त्या डॉक्टरांना दोष देववत नाही. त्यांच्यापुढे एक धडधाकट माणूस तोंड उघडून बसला होता आणि अर्धी गोष्ट गिळून बसला होता.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पत्र वाचून निदान होत नाही, शंका घेता येते. तुमचं वर्णन वाचून माझी पहिली शंका कापोसी सार्कोमाचीच आहे आणि तो कॅन्सरमध्येच मोडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. हा आजार तोंडात बसतो तो बहुधा कडक टाळूवर, त्याखालोखाल हिरड्यांवर, मग जिभेच्या पाठीवर. सुरुवातीला सपाट असतो, लालसर किंवा जांभळट, कधी तपकिरी. दुखत नाही, म्हणूनच कित्येक आठवडे लक्ष जात नाही. तोंड आलं की त्याचा ताप पहिल्या घासाला कळतो आणि ते १० ते १५ दिवसांत आपोआप बरं होतं. ७ आठवडे टिकलेला, न दुखणारा, वाढणारा डाग म्हणजे तोंड येणं नव्हे. त्यात तुमचे १४ महिने गोळ्यांविना गेलेले.

नावाचं एक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाने निदान ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला होता, "म्हणजे टाळू कापावी लागणार?" मला आधी कळेना हे कुठून आलं. मग लक्षात आलं, त्याने 'कापोसी'मध्ये 'कापणं' ऐकलं होतं. तेव्हापासून मी हे आधीच सांगून टाकते. कापोसी हे माणसाचं आडनाव. मोरित्झ कापोसी हा व्हिएन्नातला त्वचारोगतज्ज्ञ, मूळचा हंगेरीतल्या कापोश्वारचा. जन्माचं आडनाव कोन, ते बदलून त्याने गावावरून हे घेतलं. १८७२ साली त्याने अंगावर जांभळे डाग आलेल्या ५ रुग्णांचं वर्णन छापलं. आणि गंमत अशी, की ज्याच्या नावात आपल्याला सुरी ऐकू येते त्या आजाराचा मुख्य उपचार कापणं हा नसतोच.

पुढे शतकभर हा आजार म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर हळूहळू येणारे डाग, असंच पुस्तकांत असायचं. आफ्रिकेच्या काही भागांत तो लहान-मोठ्या सगळ्यांत दिसायचा आणि अवयव-प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांतही. मग १९८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ समलिंगी पुरुषांची नोंद आली. वय इतकं कमी असताना त्यांना हा आजार कसा, हे कुणालाच उमगेना. एड्सची गोष्ट जगाला कळायला लागली ती ज्या नोंदींमुळे, त्यातली ही एक. खरा गुन्हेगार सापडायला १९९४ उजाडलं. युआन चँग आणि पॅट्रिक मूर या जोडीला या डागांमध्ये एका नव्या हर्पिस विषाणूच्या खुणा मिळाल्या. त्याला आज एचएचव्ही-८ म्हणतात.

हा इतिहास उगाच उगाळत नाही. तुमच्या टाळूवर काय चाललं असेल ते त्यातून समजतं. हा विषाणू रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्ये शिरतो. ज्यांच्या अंगात तो आहे त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. ती खचली की या पेशी बेबंद वाढतात आणि कशाबशा, गळक्या नळ्या बनवत सुटतात. त्यांतून लाल रक्तपेशी बाहेर झिरपतात. तुम्हाला आरशात दिसतो तो रंग या झिरपलेल्या रक्ताचा. म्हणूनच तो बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. आम्ही पारदर्शक काचेची पट्टी डागावर टेकवून हेच पाहतो: रक्तवाहिन्यांची साधी गाठ असेल तर रक्त बाजूला सरून ती पांढुरकी होते, हा डाग मात्र बहुधा जसाच्या तसा राहतो. (घरी चमच्याने दाबून बघू नका. रक्त येईल, आणि निष्कर्ष काढता येणार नाही तो नाहीच.)

आणखी एक. टाळूवर एक आणि हिरडीवर दुसरा, म्हणजे "पसरला", असं तुमच्या मनात आलं असणार. हा आजार इतर कॅन्सरसारखा एका जागेवरून सुटून दुसरीकडे जातोच असं नाही, तो एकाच वेळी ठिकठिकाणी उगवू शकतो. तरीही हिरडीवरचा ठिपका महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येते.

बायोप्सी टाळता येईल का? नाही. शंका कितीही पक्की असली तरी हुबेहूब तसे दिसणारे इतर आजार आहेत आणि त्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. बार्टोनेला नावाच्या जिवाणूमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना अगदी असेच लाल-जांभळे उंचवटे येतात आणि ते साध्या अँटिबायोटिक्सनी जातात. एचआयव्हीमध्ये रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, तेव्हाही टाळूवर रक्त साकळून डाग पडतो. हिरडीवर गर्भारपणात किंवा कीटणामुळे येणारी लालभडक गाठ असते. लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) असतो, मेलॅनोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर) असतो, हे दोन्ही हयगय न करण्यासारखे. आणि शेजारच्या दाढेत पूर्वी चांदी भरलेली असेल, तर त्या धातूचे कण हिरडीत रुतून निळसर-काळा ठिपका वर्षानुवर्षं तसाच बसलेला असतो, ज्याला काहीच करायचं नसतं. तुमच्या हिरडीचा ठिपका यांपैकी कुठला, ते मी इथे बसून सांगू शकत नाही आणि तुमचे डेंटिस्टही नुसतं बघून सांगू शकणार नाहीत.

करतात काय, तर जागा बधिर करणारं इंजेक्शन देतात. टाळूवरचं इंजेक्शन दुखतं, खोटं कशाला सांगू. तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते. पण ते काही सेकंदांचं दुखणं. मग तांदळाच्या दाण्याएवढा, फार तर थोडा मोठा तुकडा घेतात. गळक्या नळ्यांचा डाग असल्यामुळे रक्त जरा जास्त येऊ शकतं, म्हणून आधी प्लेटलेटची तपासणी झालेली बरी, आणि दाबून धरायला दहा-पंधरा मिनिटं लागली तर घाबरू नका. तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो. सूक्ष्मदर्शकाखाली चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी आणि त्यांच्यामध्ये फटींसारख्या रक्तवाहिन्या दिसतात का, हे ते पाहतात. शंका उरली तर एचएचव्ही-८ च्या 'लाना' या प्रथिनासाठी वेगळी रंगतपासणी करतात. रिपोर्टवर 'एचएचव्ही-८ पॉझिटिव्ह' असं वाचलंत तर ही आणखी एक नवी आपत्ती समजू नका. त्याच आजाराची ती ओळख पटवणारी खूण आहे.

आता इथे ती न सांगितलेली पहिली गोष्ट आडवी येते. पॅथॉलॉजिस्टला पाठवायच्या कागदावर "४१ वर्षं, पुरुष, टाळूवर डाग" एवढंच लिहिलं असेल, तर सपाट, सुरुवातीच्या डागाचा तुकडा पाहून त्यांना कापोसी सुचेलच असं नाही. सुरुवातीच्या टप्प्यात त्या पेशी थोड्या असतात, साध्या सुजेसारख्या वाटतात. कागदावर एचआयव्ही हा शब्द असला, की ते त्याच तुकड्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात आणि ती जादा रंगतपासणी करतात. तो शब्द नसला, तर तुम्ही इंजेक्शन सोसाल, टाका घ्याल, आणि रिपोर्ट येईल "जुनाट सूज". मग पुन्हा कुणीतरी स्टिरॉइड देईल.

म्हणून डेंटिस्टला सांगा. लांबलचक प्रस्तावना नको. खुर्चीत बसल्यावर, त्यांनी मास्क चढवायच्या आधी, हे एक वाक्य: "मला ९ वर्षांपासून एचआयव्ही आहे, १४ महिने औषध बंद आहे, आणि मला कापोसीची शंका आहे; कृपया बायोप्सीच्या कागदावर तसं लिहा." एवढं म्हटलं की अवघड भाग संपला. ग्लोव्ह्ज, निर्जंतुक हत्यारं, या गोष्टी त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी करायच्याच असतात, कारण समोरच्याला काय आहे हे कित्येकदा समोरच्यालाच माहीत नसतं. तेव्हा तुमच्यासाठी त्यांना काही खास करावं लागत नाही. चेहरा पाडणारे, तारखा पुढे ढकलणारे डॉक्टर आहेत, माझ्याच व्यवसायात आहेत, आणि त्याची मला लाज वाटते. तसं झालं तर वाद घालत बसू नका. तुमच्या एचआयव्ही केंद्रालाच विचारा, ते नेहमी कुणाकडे पाठवतात ते. त्यांच्या ओळखीचा दातांचा डॉक्टर असतोच.

आणि केंद्रात शुक्रवारच्या आधी जा. उद्या गेलात तर उत्तम. "इतके दिवस कुठे होतात?" असं कुणीतरी विचारेल, कदाचित जरा तोडूनही विचारेल. ऐकून घ्या. गोळ्या सुटणं ही तिथे रोजची गोष्ट आहे. परत येणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे ठरलेली पद्धत असते. फक्त घरात जुनी डबी असेल तर ती उघडून आपल्या मनाने सुरू करू नका. १४ महिन्यांनी सुरू करताना सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची रक्तातली संख्या), व्हायरल लोड, क्षयरोग, कावीळ बी, किडनी-लिव्हर एवढं बघावं लागतं, आणि आधीचंच औषध पुन्हा चालेल की बदलायचं हे त्यावर ठरतं. त्याच भेटीत डागाचं सांगा. कापोसी निघाला तर तो एचआयव्हीच्या शेवटच्या, म्हणजे चौथ्या टप्प्यातल्या आजारांत मोजला जातो. हे वाचून हातपाय गाळू नका. तो टप्पा कागदावर चढतो तो डॉक्टरांनी घाई करावी म्हणून. तिथून माणसं परत येतात.

सीडी४ चांगला आला तर "मग हे कापोसी नसेलच" असंही धरू नका. कमी सीडी४ मध्ये हा आजार जास्त होतो हे खरं, पण चांगला सीडी४ असलेल्यांतही तो मी पाहिला आहे.

निदान पक्कं झालं तर पुढे काय, हे ठरवायला डॉक्टर आजार किती ठिकाणी आणि किती जोरात आहे ते बघतात. त्यासाठी वापरतात त्या पद्धतीत तोंडाचा उल्लेख खास येतो. डाग फक्त टाळूवर असेल आणि सपाट असेल, गाठ नसेल, तर तो कमी धोक्याच्या गटात. गाठी झाल्या, व्रण पडला, तोंडात इतरत्र पसारा असला, चेहऱ्यावर किंवा पायावर सूज असली, किंवा आजार फुप्फुसात, आतड्यांत असला, तर जास्त धोक्याच्या गटात. शिवाय सीडी४ १५० च्या खाली आहे का आणि ताप, वजन घटणं असं काही आहे का, हेही बघतात. आता कळलं असेल, दाढेपाशीचा तो ठिपका डेंटिस्टला मुद्दाम का दाखवायचा ते. तुम्ही दाखवला नाहीत तर टाळूवरच्या मोठ्या डागाकडे बघता बघता तो सुटायचा.

तोंडात कापोसी असेल तर तो पोटात किंवा छातीतही असू शकतो. म्हणून बाकीचं शरीर एकदा उघडं करून उजेडात बघू द्या: तळपाय, मांड्यांचे सांधे, नाकाचं टोक, कानामागे. छातीचा एक्स-रे आणि शौचातून रक्त जातंय का याची तपासणी बहुतेक ठिकाणी होते. सततचा खोकला, चालताना धाप, थुंकीतून रक्त, डांबरासारखं काळं शौच, यातलं काहीही असलं तर शुक्रवारची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

उपचाराचा पाया मात्र सगळ्यांचा एकच, तुम्ही सोडलेल्या त्या रोजच्या गोळ्या. कमी धोक्याच्या गटात अनेकांना नुसत्या एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या याच गोळ्यांवर, डाग विरतात. पंधरवड्यात नव्हे, काही महिने लागतात, कधी वर्षही. रंग आधी जांभळ्याचा तपकिरी होतो आणि शेवटी एक फिकट डाग मागे राहू शकतो. झिरपलेल्या रक्तातलं लोह तिथे साचलेलं असतं, ते आजार उरल्याचं लक्षण नव्हे. आजार जास्त असला तर एआरटीच्या जोडीला केमो देतात, शिरेतून, साधारण दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने: लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत एआरटीसोबत पॅक्लिटॅक्सेल हे जुन्या स्वस्त औषधांपेक्षा सरस ठरलं, त्यामुळे पर्याय वाढले आहेत. केमो सुरू झाली तर कॅन्सरच्या डॉक्टरांना तुमच्या एचआयव्हीच्या गोळ्यांची नावं लिहून द्या. काही एचआयव्ही औषधं केमोची मात्रा रक्तात वाढवतात, काहींनी रक्तपेशी आणखी घटतात; दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं व्हायलाच हवं. एखादीच गाठ घासाला आड येत असेल तर तिच्यात औषधाचं इंजेक्शन देता येतं, छोटी असेल तर काढताही येते. रेडिएशनने डाग विरतो, पण तोंडाचं अस्तर इतकं सोलवटून निघतं की या जागेसाठी मी ते सहज सुचवत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा परिच्छेद हवा तर वेगळा काढून ठेवा. गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, साधारण पहिल्या ३ महिन्यांत, डाग वाढू शकतो. फुगेल, नवे येतील, तोंड सुजेल, ताप येईल. झोपी गेलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि जागी होताच दांडगाई करते, असं समजा. नेमक्या याच वेळी माणसं म्हणतात, "औषध मानवलं नाही," आणि पुन्हा बंद करतात. तुम्ही तसं करू नका. डाग वाढला की डॉक्टरांकडे जा, केमो लवकर सुरू करायची का ते ते ठरवतील, पण एआरटी चालू ठेवा. आणि सूज पाहून कुणी स्टिरॉइड सुचवलं, तर या उत्तराच्या पहिल्या परिच्छेदावर या. इतर काही आजारांत अशा उसळीवर स्टिरॉइड देतात, त्यामुळे चांगल्या डॉक्टरच्याही हातून सवयीने लिहिलं जातं. कापोसीत ते टाळतात.

मुलीचं. तुमच्या पेल्यातून पाणी पिऊन तिला एचआयव्ही होणार नाही. लाळेतून तो पसरत नाही. एचएचव्ही-८ मात्र लाळेत असतो, आणि तो पसरण्याचा मुख्य मार्ग लाळच आहे असं आज मानलं जातं. हे सांगितल्यावर तुम्ही घरात वेगळं ताट-वाटी मांडाल की काय, अशी मला भीती आहे. ते करू नका. निरोगी मुलाला किंवा माणसाला हा विषाणू मिळाला तरी बहुधा काही होत नाही, त्यासाठी घरच्यांच्या तपासण्या कुणी करत नाही आणि करूही नयेत. घास चावून तिच्या तोंडात देऊ नका, ब्रश प्रत्येकाचा वेगळा ठेवा. पेला वेगळा हवा असेल तर तिला तिचा आवडीचा एक आणून द्या, पण तुमचा हिसकावून घेऊ नका. चार वर्षांच्या पोरीला त्यातलं कारण कळत नाही, हिसकावणं कळतं.

बायकोचं मात्र वेगळं आहे आणि ही न सांगितलेली दुसरी गोष्ट. व्हायरल लोड सापडत नसतो तोवर शरीरसंबंधातून एचआयव्ही जोडीदाराला जात नाही, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. तुम्ही दोघं त्याच भरवशावर राहत असाल. तो भरवसा १४ महिन्यांपूर्वी संपला, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. तिची शेवटची तपासणी त्याआधीची असेल तर तो निगेटिव्ह रिपोर्ट आज उपयोगाचा नाही. तेव्हा आजपासून कंडोम, आणि तिची नवी तपासणी. पहिली निगेटिव्ह आली तरी केंद्रात सांगतील त्या मुदतीने पुन्हा एकदा. तुमचा व्हायरल लोड खाली येईपर्यंत तिला प्रतिबंधक गोळ्या, म्हणजे प्रेप, द्यायच्या का, हेही तिथे विचारा. गेल्या ३ दिवसांत कंडोमशिवाय संबंध आला असेल तर हे आजच्या आज करायचं काम आहे, कारण संसर्गानंतर लगेच घ्यायच्या औषधाची मुदत ७२ तासांची असते. डागातून रक्त येत असेल तोवर तोंडाचं चुंबनही नको.

तिला सांगायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत. पण पत्रात तुम्ही तिच्याबद्दल जे लिहिलंय त्यावरून दिसतं, की एचआयव्ही आहे हे माहीत असून ती तुमच्याशी लग्नाला उभी राहिली. चिडेल ती. चिडू द्या. डागापासून सुरू करू नका, नाहीतर ती घाबरून आधी तुमचीच समजूत घालत बसेल आणि गोळ्यांची गोष्ट राहून जाईल. गोळ्यांपासून सुरू करा.

तोंडाची काळजी थोडक्यात. अगदी मऊ ब्रश, डागाजवळून हळुवार, पण घासणं बंद करू नका. कीटण साचलं की हिरडीवरचा डाग लवकर फुगतो आणि रक्त येतं. अल्कोहोल नसलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डेंटिस्टना विचारून वापरा. तोंडात पांढरा, खरवडला की निघणारा थर आला तर ती बुरशी, तिचं औषध वेगळं आणि सोपं आहे. सिगारेट ओढत असाल तर निदान टाके असेपर्यंत तरी नको.

एक काम आज रात्रीचं. मोबाइलचा दिवा लावून, आरशासमोर, बायकोकडून टाळूचा आणि हिरडीचा फोटो काढून घ्या. दर पंधरवड्याला त्याच जागेवर, त्याच उजेडात तसाच एक. तीन महिन्यांनी "वाढला की कमी झाला" या प्रश्नावर तुमची आठवण तुम्हाला फसवेल, फोटो फसवणार नाहीत, आणि डॉक्टरांनाही तेच पाहून औषध बदलायचं की थांबायचं हे ठरवता येईल. फोटो तिने काढायचा तर तिला आधी सांगावं लागेल, हे मला ठाऊक आहे.